विमान ज्या उतारावरून खाली येतं, त्या उतारावर काय उभं आहे? (एपिसोड ट्रान्सक्रिप्ट)

बोलताना आकडे पटापट निसटून जातात, म्हणून या एपिसोडमधले आकडे इथे जरा सावकाश मांडलेत. गणित सातवीच्या पुढचं नाही, घाबरू नका.

आजचा विषय एका मेसेजवरून आला. आपल्या एका श्रोत्याचं घर विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा, दरमहा भाडं येणार, घरचे खूश. मग कळलं की आधी उंचीची एनओसी लागते. त्याचा प्रश्न असा: "दादा, विमान तर आमच्या घरावरून कितीतरी वरून जातं. आमच्या टॉवरचा त्याला काय त्रास?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला लागलो आणि छोट्या विमानांच्या लँडिंग अपघातांपर्यंत जाऊन पोचलो.

सुरुवात विमानतळ नसलेल्या ठिकाणाहून करू, म्हणजे आमच्या चांदवडहून. मालेगावकडे निघालात की राहुड घाट लागतो. ट्रकवाले गिअर खाली टाकून, ब्रेकवर पाय ठेवून उतरतात तोच. डोंगरातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने सर्वसाधारण चढ ठरवलाय तो वीसास एक. म्हणजे २० मीटर पुढे गेलात की १ मीटर खाली. आता विमानाचं बघा. लँडिंगसाठी येणारं विमान साधारण ३ अंशाच्या कोनात खाली येतं. ३ अंश म्हणजे एकोणीसास एक. थोडक्यात, विमान हवेतून जो उतार उतरतं तो घाटातल्या रस्त्याइतकाच असतो. फरक इतकाच की त्या रस्त्याला डांबर नाही, कठडा नाही आणि 'पुढे वळण आहे' अशी पाटीही नाही.

या उतारावर एक किलोमीटर मागे गेलं की ५२ मीटर उंची मिळते. धावपट्टी जिथून सुरू होते त्याला उंबरठा म्हणू. इंग्रजीतल्या थ्रेशोल्डचा अर्थही तोच. उंबरठ्यावरून विमान साधारण १५ मीटर, म्हणजे ५० फुटांवरून जावं अशी अपेक्षा असते. तेव्हा उंबरठ्याच्या एक किलोमीटर अलीकडे विमान ५२ अधिक १५, म्हणजे सुमारे ६७ मीटरवर असतं. वीसेक मजल्यांच्या इमारतीएवढी ही उंची. खालून बघणाऱ्याला ती भरपूर वाटते.

या उताराखाली आणखी एक अदृश्य उतार आखलेला असतो. तो नियमातला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तिच्या नियमांत धावपट्टीच्या टोकापासून बाहेरच्या बाजूला एक तिरकं पृष्ठ मांडलंय. पंखा उघडावा तसं ते पसरत आणि वर चढत जातं. या पृष्ठातून वर काहीही डोकं काढायचं नाही. घर नाही, झाड नाही, खांब नाही. वर विमानाचा उतार, खाली अडथळ्यांचा उतार आणि मधली फट ही सुरक्षिततेची जागा.

ही फट सगळीकडे सारखी नसते, आणि आजच्या एपिसोडचं सगळं सार तिथेच आहे.

मोठ्या विमानतळावर, जिथे उपकरणांच्या मदतीने ढगातूनही उतरता येतं, तिथे हे पृष्ठ पन्नासास एक इतकं सपाट असतं आणि उंबरठ्याच्या ६० मीटर अलीकडून सुरू होतं. एक किलोमीटरवर त्याची उंची होते १९ मीटर. विमान ६७ वर, अडथळ्याची मर्यादा १९ वर. फट ४८ मीटर.

आता ८०० मीटरपेक्षा छोटी धावपट्टी घ्या, जिथे फक्त डोळ्यांनी बघून उतरायचं असतं. तिथे नियमातलं पृष्ठ वीसास एक असतं आणि ३० मीटर अलीकडून सुरू होतं. एक किलोमीटरवर उंची ४८.५ मीटर. विमान तेच, ६७ वर. फट उरली साडेअठरा मीटर. आणि नवशिक्या वैमानिकाने धावपट्टी छोटी म्हणून अगदी कडेलाच चाकं टेकवायचं ठरवलं, उंबरठा १५ ऐवजी ५ मीटरवरून ओलांडला, तर फट साडेआठ मीटर. सेस्ना १५२ या शिकाऊ विमानाच्या पंखांची रुंदी दहा मीटरच्या वर असते. म्हणजे नियम पूर्ण पाळूनसुद्धा खालचं झाड आणि वरचं विमान यांत विमानाच्या पंखाइतकीही जागा नाही. मधल्या लांबीच्या पट्ट्यांना पंचविसास एक, तिसास एक असे आकडे आहेत, तिथे फट थोडी वाढते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला उलटं वाटलं होतं. जिथे वैमानिक शिकतोय, जिथे उपकरणं कमी, तिथेच संरक्षण कमी? पण नियम करणारे वेडे नव्हते. त्यांनी धरलंय की छोटं विमान हळू येतं, गरज पडली तर जास्त तीव्र उतारानेही उतरू शकतं, चटकन वळतं, आणि मुख्य म्हणजे वैमानिकाला समोरचं दिसतंय. आम्ही कोड लिहिणारे फंक्शनच्या वर कमेंट टाकतो ना, 'इनपुट रिकामा नसणार असं धरलंय', तसंच हे. कमेंट कोणी वाचत नाही आणि एक दिवस इनपुट रिकामा येतो.

तो दिवस, खरं तर ती रात्र, मध्य प्रदेशात आली. ५ जानेवारी २०२३. रीवा शहराजवळची चोरहट्याची हवाईपट्टी तेव्हा प्रशिक्षणासाठी वापरात होती. रात्री साडेअकराच्या सुमारास, धुक्यात, एक शिकाऊ विमान हवाईपट्टीजवळच्या उमरी गावात मंदिराच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकून कोसळलं. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, शिकणारा मुलगा जखमी झाला. गावातली माणसं आवाजाने जागी झाली.

दिवसा, स्वच्छ हवेत, तोच कळस लांबूनच दिसला असता. आपल्याकडे कुठल्या गावात कळस नाही? आमच्या तालुक्यात तर रस्ता विचारला की 'त्या कळसाच्या अंगाने जा' असंच सांगतात. दिवसा ज्या वस्तूवरून दिशा कळते, तीच वस्तू धुक्यातल्या रात्री भिंत होते. नियमातल्या त्या धरून चाललेल्या गोष्टीचा पायाच निघून गेला, कारण दिसतच नव्हतं.

रात्रीचं थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे डोळे सरळ खोटं बोलतात. कल्पना करा, खाली शेतं आहेत, एकही दिवा नाही, आणि लांबवर फक्त धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन ओळी. आजूबाजूला तुलना करायला काहीच नाही. अशा वेळी वैमानिकाला वाटतं की आपण फार वर आहोत. म्हणून तो खाली येतो, अजून खाली येतो. वैमानिक याला 'ब्लॅक होल ॲप्रोच' म्हणतात. दुसरा चकवा अरुंद धावपट्टीचा. रुंद पट्टीवर शिकलेला माणूस अरुंद पट्टीवर आला की तिचा आकार बघून मेंदू म्हणतो, लांब आहे, उंचावर आहोस. परत तोच परिणाम: विमान हवं त्यापेक्षा खाली. आणि छोट्या हवाईपट्ट्या बहुतेक वेळा अरुंदही असतात आणि गावाबाहेर अंधारातही.

यावर एक साधा, हुशार उपाय आहे. त्याचं नाव पापी! हसू नका, इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव आलंय. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे एका ओळीत. प्रत्येक दिवा ठरावीक कोनाच्या वरून पांढरा आणि खालून लाल दिसतो. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर बरोबर उतारावर आहात. तीन लाल, तर खाली घसरताय. चारही लाल, तर ताबडतोब ताकद द्या आणि वर जा. पडदा नाही, सॉफ्टवेअर नाही, नुसती भिंगं आणि रंगीत काच. माझ्या मते विमानतळावरच्या सगळ्या यंत्रांत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त जीव वाचवणारं हेच असेल. शिकाऊ विमानं रात्री जिथे उडतात अशा प्रत्येक पट्टीवर ते चालू स्थितीत असायलाच हवं.

तारांबद्दल एक गोष्ट. हवेतून तार दिसत नाही, अक्षरशः दिसत नाही. मागे शेत असेल तर करड्यावर करडी रेघ. म्हणून वैमानिकांना शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरा. हायटेन्शन लाईनवर तुम्ही केशरी-पांढरे मोठे गोळे लटकलेले पाहिले असतील. ते शोभेसाठी नाहीत, तार कुठे आहे ते दाखवण्यासाठी आहेत.

आता कोणी म्हणेल, एवढीच भीती आहे तर उंचावरूनच यावं की! इथे दुसरी बाजू येते. सेस्ना १५२ च्या पुस्तिकेत समुद्रसपाटीला, ठरावीक परिस्थितीत, चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दिलंय ४७५ फूट. पण वाटेत ५० फुटांचा अडथळा आहे आणि त्याच्यावरून उतरायचंय असं धरलं, तर अडथळ्यापासून थांबेपर्यंत लागतात १,२०० फूट. अडीच पट! म्हणजे पट्टीच्या तोंडाशी एक उंच निलगिरी वाढली की ती पट्टीची काहीशे फूट लांबी खाऊन टाकते. झाड पट्टीवर पडलेलं नाही, नुसतं उभं आहे, तरीही. खाली यावं तर झाड, वर राहावं तर पट्टी संपते आणि विमान पलीकडच्या शेतात. वर आपण समुद्रसपाटी म्हटलं. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर, उन्हाळ्यात, हवा विरळ असते, तिथे हे आकडे आणखी वाढतात.

झाड किंवा इमारत हटवता येत नसेल तर काय करतात? उंबरठाच पुढे सरकवतात. धावपट्टीच्या सुरुवातीला पांढरे बाण आणि मग आडवी जाड रेघ दिसली, तर समजा की बाणांच्या भागात चाकं टेकवायला मनाई आहे. डांबर तेवढंच, पण उतरायला कमी.

आतापर्यंत स्थिर अडथळे पाहिले. आपल्या महाराष्ट्रातला सर्वांत भयंकर अडथळा मात्र चाकांवर होता.

२६ एप्रिल १९९३, औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. चिकलठाणा विमानतळ. हे लँडिंग नव्हतं, टेकऑफ होतं, आणि विमानही लहान नव्हतं, इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ होतं. तरी ही घटना सोडून या विषयावर मराठीत बोलणं मला पटत नाही. एप्रिलची दुपार, विमानात ११८ माणसं. धावपट्टी संपते त्याच्या काहीशे फुटांवरून बीडकडे जाणारा रस्ता जात होता. त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाने जमीन उशिरा सोडली, आणि डावीकडची चाकं व इंजिन ट्रकला धडकले. विमान तरीही हवेत गेलं, पुढे सुमारे तीन किलोमीटरवर हायटेन्शन तारांना लागलं आणि पडलं. ५५ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दोन, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने नियंत्रित केली नाही. मला दुसरं कारण जास्त बोचतं. रस्ता नकाशावर शून्य उंचीचा असतो. पण त्यावरचा ट्रक शून्य उंचीचा नसतो, आणि कापसाचा तर नाहीच. हंगामात आपल्याकडे गाठी कशा रचतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेच्या नियमांत याची साधी तरतूद आहे. विमानतळाजवळ सार्वजनिक रस्ता असेल तर तो १५ फूट उंच अडथळा धरायचा, मोठा महामार्ग असेल तर १७ फूट, रेल्वेरूळ असतील तर २३ फूट. वाहन त्या क्षणी असो वा नसो. म्हणजे सर्वांत वाईट केस आधीच मोजून ठेवायची.

चालता-बदलता अडथळा विमानतळाच्या आतही असू शकतो. ६ मे २०२१ ला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मध्य प्रदेश सरकारचं छोटं किंग एअर विमान रेमडेसिव्हिर घेऊन रात्री ग्वाल्हेरला उतरत होतं. ग्वाल्हेर हा हवाई दलाचा तळ. तिथे लढाऊ विमानं थांबवण्यासाठी धावपट्टीच्या टोकाशी जाळी उभी करता येते. ती उभी होती. विमान तिला धडकलं, तिघे जखमी झाले, विमान निकामी झालं. जाळीची कल्पना दिली नव्हती असं वैमानिकाचं म्हणणं. पुढे त्याचा परवाना वर्षभरासाठी निलंबित झाला आणि राज्य सरकारने त्याच्या नावे ८५ कोटींची वसुली काढली. एका पगारदार माणसावर ८५ कोटी! चूक कोणाची किती, यावर वाद घालता येईल. पण अडथळा उभा करणारी यंत्रणा आणि उतरणारा माणूस यांच्यात एक वाक्य पोचायला हवं होतं, एवढं नक्की.

आणि डोंगर? ते तर हलणारही नाहीत आणि कापताही येणार नाहीत. ६ आणि ७ जुलै १९६२ च्या मधल्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ विमान जुन्नर भागातल्या डोंगरावर सुमारे ३,६०० फूट उंचीवर आदळलं. ९४ जण होते, कोणी वाचलं नाही. पावसाळी रात्र होती आणि मुंबई अजून सुमारे ८० किलोमीटर लांब होती. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय असा वैमानिकांचा समज झाला आणि त्यांनी खाली यायला लवकर सुरुवात केली.

याला उत्तर म्हणून प्रत्येक ॲप्रोचच्या नकाशावर एक वर्तुळ असतं, साधारण ४६ किलोमीटर त्रिज्येचं. त्यातल्या सर्वांत उंच गोष्टीच्या वर किमान १,००० फूट राहा, असा आकडा त्यात लिहिलेला असतो. ओझर विमानतळावरून असं वर्तुळ काढून बघा. त्यात आमची बरीचशी सातमाळा रांग येते: सप्तशृंगी, धोडप, आणि कडेला चांदवडचा किल्लाही. ट्रेकला जाताना धोडपची ती कापलेली भिंत आपण फोटोसाठी बघतो. ढगातून ओझरला उतरणाऱ्या वैमानिकासाठी ती एक आकडा आहे, ज्याच्या खाली जायचं नाही. मोठ्या विमानांत आता 'टेरेन, पुल अप' असं ओरडणारी यंत्रणा असते. धुळ्याला वगैरे मुलं ज्या दोन सीटच्या विमानांवर शिकतात, तशा विमानांत ती सहसा नसते. तिथे नकाशा, उंचीचं घड्याळ आणि शेजारी बसलेले सर.

तर आता आपल्या टॉवरवाल्या मित्राकडे येऊ.

भाऊ, भारतात यासाठी २०१५ चे उंची-मर्यादेचे नियम आहेत. नागरी विमानतळाभोवती २० किलोमीटरपर्यंत ते लागू होतात. भारतीय विमानतळ प्राधिकरण रंगीत नकाशे प्रसिद्ध करतं. त्यात चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीला एक कमाल उंची. तुझं बांधकाम त्या मर्यादेच्या बरंच खाली असेल तर स्थानिक संस्थाच परवानगी देऊ शकते, नाहीतर ऑनलाइन अर्ज करायचा. लष्करी तळ असेल तर संरक्षण खात्याकडून परवानगी.

इथे बहुतेकांची गफलत होते. नकाशातला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, तुझ्या अंगणापासूनचा नाही. समज चौकटीत ६५० मीटर लिहिलंय आणि तुझी जमीनच ६२८ वर आहे. मग तुला मिळाले २२ मीटर. त्यात घर, पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, टॉवर, त्यावरचा अँटेना आणि वीज अडवणारी सळई, सगळं आलं. शेजारच्या खोलगट वाडीला ३० मिळतील आणि टेकाडावरच्या तुला २२. यात कोणी पक्षपात केलेला नाही, टेकाडाने तुझा वाटा आधीच वापरलाय.

आणि प्लीज, ही उंची मोबाईलवर मोजू नकोस. जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत गणिती अंडाकृती समजून उंची काढतं, आणि आपल्या भागात खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या साधारण साठेक मीटर खाली आहे. बऱ्याच अँड्रॉइड ॲपमध्ये तो कच्चा आकडाच दिसतो. म्हणजे ६२८ ची जमीन फोन ५६८ दाखवेल आणि तू आनंदाने वीस मजली प्लॅन काढशील. सर्व्हेअरकडून अक्षांश-रेखांश आणि उंचीचा दाखला घेच, अर्जाला तो लागतोच.

नियम कागदावर राहिले तर काय होतं याचं उदाहरण मुंबईत आहे. विमानतळाभोवतीच्या ४८ इमारतींचे उंची मोडणारे भाग हटवण्याबाबत कारवाई करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना दिला. त्या इमारती २०१० च्या पाहणीतच सापडल्या होत्या. बारा वर्षं. एव्हाना त्या मजल्यांवर माणसं राहत होती, कर्जाचे हप्ते चालू होते.

तुझ्या टॉवरचा अर्ज मंजूर होईल की नाही ते मला सांगता येणार नाही, चौकटीतला आकडा आणि तुझ्या जमिनीची उंची यांची वजाबाकी सांगेल. कंपनीशी करार करण्याआधी ती करून घे, आणि करारात एनओसी नाही मिळाली तर काय, ते लिहून घे. पुढच्या एपिसोडसाठी दोघा-तिघांनी ड्रोन आणि लग्नाचं शूटिंग याबद्दल विचारलंय. विमानतळाजवळच्या मंगल कार्यालयांत नेमकं काय चालतं ते बघू. तोवर काळजी घ्या.